कानात उरलेले रणांगण

मराठी वाङ्मयाला लढाईचे वावडे कधीच नव्हते. बखरींत लढाई आहे, पोवाड्यांत लढाई आहे आणि ऐतिहासिक कादंबरीचा तर तो प्राणच आहे. परंतु गडावर निशाण चढले की पोवाडा संपतो, आणि नायक धारातीर्थी पडला किंवा गादीवर बसला की कादंबरीही बहुधा आटोपते. जो लढाईतून जिवंत परत आला, ज्याच्या अंगावर कदाचित ओरखडाही दिसत नाही, त्याच्या घरात पुढली वीस-तीस वर्षे काय घडते, हा प्रश्न आमच्या वाङ्मयाने क्वचितच विचारला आहे. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर ओघाने येईलच.

आधी वस्तुस्थिती थोडक्यात सांगतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण ह्या बाबतीत वैद्यकाने जे निश्चित केले आहे ते समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. ऐकणे हे कानाचे काम. पण ऐकलेले सोडून देणे हे मेंदूचे काम. आपण आता हे वाचीत असता बाहेर रस्त्यावर गाडी जात असेल, स्वयंपाकघरात भांडे पडले असेल, पंख्याची घरघर तर चालूच असेल. ह्यांतले बहुतेक आवाज मेंदू चाळून बाजूस टाकतो, म्हणून आपले वाचन चालते. डोक्याला मार लागलेल्या, विशेषतः स्फोटाच्या हबक्यात सापडलेल्या सैनिकाची ही चाळणी पुष्कळदा फाटते. मग सगळेच आवाज सारख्या जोराने आत येतात. साधा दिव्याचा उजेड डोळ्यांत खुपतो, गर्दी सोसवत नाही, डोके ठणकते, आणि कित्येकांच्या कानात रात्रंदिवस एक गुणगुण चालू राहते. मराठीत ह्या जखमेसाठी फार चांगला शब्द आहे: मुका मार. रक्त नाही, पट्टी नाही, आणि म्हणून साक्षीदारही नाही.

दुसरा प्रकार मनाच्या आघाताचा. तेथे चाळणी फाटलेली नसते. पहारेकरी झोपेनासा झालेला असतो. महिनोन् महिने ज्याने प्रत्येक आवाजाकडे ‘हा मला मारणारा आहे काय?’ अशा दृष्टीने पाहिले, त्याचा तो पहारा घरी आल्यावरही उठत नाही. डिझेलचा किंवा जळक्याचा वास आला की मन क्षणात मागे जाते. कारण वासाची वाट मेंदूतल्या स्मृतीच्या आणि भावनेच्या घरांशी इतर इंद्रियांच्या मानाने फार जवळून जाते. हे दोन प्रकार शास्त्रात वेगळे असले तरी एकाच माणसात ते पुष्कळदा एकत्र नांदतात, आणि कोणते दुखणे कोठले हे सांगणे डॉक्टरांनाही जड जाते.

आता वाङ्मयाकडे वळू. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे संचारी, भाव सांगितले आहेत. त्यांत एक आहे ‘त्रास’. वीज, उल्का, मेघगर्जना, हिंस्र पशूंचा आवाज अशा कारणांनी अकस्मात जो दचका बसतो, अंग आकसते, कापरे भरते, तो त्रास. मराठीत आल्यावर हा शब्द पार गुळगुळीत झाला. आम्हांला डासांचा त्रास होतो, पाहुण्यांचा त्रास होतो, गुडघ्यांचा त्रास होतो. निवृत्त सैनिक जेव्हा म्हणतो, ‘मला आवाजाचा त्रास होतो,’ तेव्हा आपण तो मराठी अर्थाने ऐकतो, आणि तो मात्र भरताच्या अर्थाने बोलत असतो! एका शब्दाच्या ह्या दोन अर्थांमध्ये घरोघरची किती भांडणे दडलेली असतील, कोण जाणे.

संचारी भाव म्हणजे येऊन जाणारा भाव. लाट यावी आणि विरावी तसा. रसाचा आधार म्हणजे स्थायी भाव. संचारी त्यावर खेळून निघून जातात. ह्या सैनिकाच्या बाबतीत घडते ते असे की, जो संचारी असावयाचा तोच ठाण मांडून बसतो. त्रास स्थायी होतो. आमच्या साहित्यशास्त्रात लढाईसाठी वीर आहे, रौद्र आहे, भयानक आणि बीभत्स आहेत. आणि आनंदवर्धनाने महाभारताचा मुख्य रस शांत ठरवून सगळ्या युद्धाला अखेर शांतीच्या किनाऱ्याला लावले. पण वीर आणि शांत ह्यांच्या मध्ये जो माणूस अडकला, ज्याचे शरीर ओसरीवर बसले आहे आणि कान अजून मोर्च्यावर आहेत, त्याच्यासाठी रसव्यवस्थेत स्वतंत्र घर नाही. मला वाटते, आमचे लेखक ह्या माणसाकडे वळले नाहीत ह्याचे एक कारण हेच असावे. त्याची गोष्ट वीररसात बसत नाही, आणि निव्वळ करुणात बसवली तर खोटी होते.

इतिहासाने सामग्री दिली नाही असे म्हणावे तर तसेही नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते मराठी घरात पोराटोरांना ठाऊक आहे. त्या दिवशी पळताना महादजी शिंद्यांचा एका अफगाण स्वाराने दूरवर पाठलाग केला, गाठले, आणि पायावर घाव घालून त्यांना टाकून दिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून आणले आणि ते वाचले. पाय मात्र जन्माचा अधू झाला. एवढे सर्वांस माहीत आहे. पण सर जॉन माल्कम याने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात आणखी एक गोष्ट नोंदली आहे. पुढे कित्येक वर्षांनीदेखील महादजी सांगत की, झोपेत तो अफगाण आपल्याला दिसतो. त्याचे ते बोजड जनावर आपल्या चपळ दक्षिणी घोडीच्या मागे मागे येतच असते.

काय विलक्षण तपशील आहे पाहा! घोडी चपळ, पाठलाग करणारे जनावर बोजड. तरी अंतर कमीच होत जाते. दिल्लीचा बादशहा १७७२ च्या आरंभी ज्याच्या पाठबळावर पुन्हा दिल्लीत शिरला, हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्या पुरुषाच्या निद्रेत पानिपत चालूच होते. १७९४ साली वानवडीस त्यांचे देहावसान झाले. अधू पायाचे वर्णन आमच्याकडे पराक्रमाचे भूषण म्हणून येते. ह्या स्वप्नाकडे मात्र चमत्कारिक आख्यायिका म्हणून पाहण्याची रीत आहे. माझ्या मते उलट हवे. पाय हा इतिहास आहे, स्वप्न ही कादंबरी आहे. पानिपताच्या रणधुमाळीवर हजार पाने लिहिता येतील आणि तशी ती लिहिलीही गेली आहेत. पण मध्यरात्री दचकून उठलेला पाटीलबावा, बाहेर तबेल्यात फुरफुरणारे एखादे जनावर, आणि तो आवाज कोणता हे ओळखेपर्यंतचे ते चार क्षण, हे प्रकरण लिहिणारा मराठी कादंबरीकार यावयाचा आहे.

त्याच लढाईतून वाचलेल्या कोवळ्या वयाच्या नाना फडणिसांनी आत्मवृत्त लिहिले, त्यात रात्रीचे पळणे, लपणे, भूक हे सगळे साध्या शब्दांत आले आहे. भव्यतेचा लवलेश नाही. भीतीला भीती म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा आमच्या गद्याच्या आरंभीच्या काळात होता. मग तो गेला कोठे? शौर्याची पूजा करता करता आपण भीतीला लाज मानू लागलो, असे म्हणावेसे वाटते.

युरोपला हा विषय पहिल्या महायुद्धाने शिकवला. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टराने लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रात तीन सैनिकांची हकीकत दिली. गोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव ह्यांवर परिणाम झाला होता; आणि आश्चर्य असे की, एवढ्या आवाजानंतर श्रवण मात्र जवळजवळ शाबूत होते. ‘शेल शॉक’ हा शब्द ह्या लेखाने रूढ केला. पुढे खुद्द मायर्सलाच तो शब्द पसंत राहिला नाही. कारण कित्येकांच्या जवळ गोळा फुटलाच नव्हता. ह्या दुखण्याला आजचे नाव, आघातोत्तर ताणविकार, १९८० साली अमेरिकन मनोवैद्यांच्या वर्गीकरणात मिळाले.

वाङ्मयाने ह्याहून लवकर ते ओळखले. रेमार्कच्या १९२९ च्या कादंबरीत रजेवर घरी आलेल्या तरुण सैनिकाला ट्रामचा कर्कश आवाज येणाऱ्या गोळ्यासारखा वाटतो. प्रसंग दोन-चार ओळींचा; पण शहरातली लोकं आणि तो ह्यांच्यामधली भिंत तेवढ्यात उभी राहते. व्हर्जिनिया वुल्फची १९२५ ची ‘मिसेस डॅलोवे’ त्याहून पुढे जाते. लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यात एका मोटारीचा फटकन आवाज होतो. श्रीमंत बाई दचकते आणि सावरते. दुकानदारीण मोटारीसाठी माफी मागते. गर्दीला आत कोण बडी असामी आहे ह्याचे कुतूहल वाटते. आणि लढाईहून परतलेल्या सेप्टिमसला वाटते की आता सारे जग पेटून उठणार. आवाज एकच, कान निरनिराळे. लेखिकेने सेप्टिमसचे वेड वर्णिले नाही. तिने एकच ध्वनी अनेकांच्या कानांतून फिरवला आणि वाचकाला तुलना करू दिली. त्याला तपासणारा डॉक्टर म्हणतो, ह्याला काही झालेले नाही. हे वाक्य त्या कादंबरीतले सर्वांत क्रूर शस्त्र आहे. शेवटी तो खिडकीतून उडी टाकतो ती काही आवाजाला भिऊन नव्हे. ह्या ‘काही झालेले नाही’ म्हणणाऱ्यांना भिऊन.

तिसरे पुस्तक कादंबरी नाही. रशियन शास्त्रज्ञ लुरिया याने १९७१ साली झासेत्स्की नावाच्या एका सैनिकाची कथा छापली. १९४३ च्या मार्चमध्ये गोळी त्याच्या मेंदूच्या डाव्या, मागल्या भागात शिरली. तेव्हापासून त्याला वस्तूंची उजवी बाजू दिसेना; जग तुकड्यातुकड्यांनी, थरथरते दिसू लागले; स्वतःचे लिहिलेले वाचणेही दुष्कर झाले. असा माणूस पंचवीस वर्षे रोज थोडेथोडे लिहीत राहिला आणि त्याने सुमारे तीन हजार पाने भरली. लुरियाचे मोठेपण असे की, त्याने शास्त्रज्ञाचा आवाज बारीक केला आणि रुग्णाचा मोठा. आम्हां मास्तर मंडळींना एका निबंधावर तीन ओळी सुचत नाहीत म्हणून पोरे रडताना दिसतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो. ह्या पुस्तकात दया मागितलेली नाही. जे दिसते ते नेमके कसे दिसते, एवढेच सांगण्याची धडपड आहे. वाङ्मयाची ह्याहून शुद्ध व्याख्या मला माहीत नाही.

ह्या तिन्ही पुस्तकांशी ताडून पाहिले म्हणजे आमच्याकडे काय उणे आहे ते कळते. आमच्या रंगभूमीवर आणि चित्रपटांत निवृत्त सैनिक येतो तो मिशा पिळीत, ओरडत, पोरांना रांगेत उभे करीत. प्रेक्षक हसतात. त्याचा संताप हा विनोद, त्याची टापटीप हा विनोद, त्याचे भिंतीला पाठ लावून बसणे हाही विनोद. पण ज्याला आपण शिस्त म्हणतो ती पुष्कळदा पहारेकऱ्याची सावधगिरी असते, आणि ज्याला तापटपणा म्हणतो तो थकलेल्या कानाचा आक्रोश असतो. माझ्या वर्गात एका निवृत्त जवानाचा मुलगा होता. स्नेहसंमेलनाला वडील यायचे ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे, आणि ध्वनिवर्धकाची शिटी वाजली की उठून बाहेर जायचे. मुलाला वाटे, बाबांना आपले नाटक आवडत नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि जे एरवी न बोललेले सांगते ते वाङ्मयही ह्या घरापर्यंत पोचलेले नव्हते.

लढाई आमच्यापासून दूर आहे असे तुळजापूरच्या माणसाला म्हणता यावयाचे नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादवरील कारवाईत सोलापूरच्या बाजूने आलेले सैन्य पहिल्या दिवशीच लढले ते आमच्याच तालुक्यातील नळदुर्गला. त्या दिवशी तेथे पडलेल्या हवालदार बचित्तरसिंगांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आमच्या ध्यानात तारीख राहिली, विजय राहिला. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सैनिक नसलेल्यांनाही हा धडा दिला. पुढे कित्येक महिने लोक घरात निजत नसत, आणि जड मालमोटार धडधडत गेली की जाणती माणसे बाजेवरून उठून उभी राहत. भरताचा त्रास तेव्हा गावेच्या गावे भोगीत होती. त्याला भित्रेपणा म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. मग सैनिकालाच तेवढे का म्हणावे?

आता पुन्हा महाभारताकडे येतो, कारण मायर्स आणि लुरियांच्या फार आधी व्यासांनी हा माणूस पाहिला होता. अश्वत्थाम्याच्या मस्तकावर जन्मतःच मणी होता. तो धारण करणाऱ्याला शस्त्राचे, रोगाचे, भुकेचे भय नाही. सौप्तिकपर्वात त्याने झोपलेल्यांची कत्तल केली, आणि अखेर तो मणी त्याला द्यावा लागला. मणी गेला म्हणजे काय गेले? निर्भयता गेली. कपाळावरची खूण ही भय आत येण्याची वाट झाली. पुढे श्रीकृष्णाचा शाप: तीन हजार वर्षे एकटा हिंड, कोणाशी बोलणे नाही, अंगाला पू-रक्ताची दुर्गंधी. व्यासांनी त्याचा अपराध लवमात्र हलका केला नाही, आणि त्याची वेदनाही लवमात्र झाकली नाही. हा तोल फार अवघड आहे. इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण-अश्वत्थाम्याचा विचार केला तो परधर्माच्या अंगाने. ब्राह्मण शस्त्राच्या मागे लागला आणि बुडाला, ही त्यांची दिशा मोलाची आहे. पण कपाळावरच्या त्या उघड्या जखमेचा विचार तेथे संपत नाही. धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’ (१९५४) ह्या हिंदी नाटकाने ती बाजू उचलली. तेथे अश्वत्थाम्याचे पशू होणे तर आहेच; पण मला अधिक भिडतो तो मुका, जखमी सैनिक. पाणी पाजायला आलेल्या युयुत्सूला ओळखताच तो भयाने मागे सरकतो. समोर पाणी आहे, पण त्याच्या देहाला दिसतात ते बाण. एका हालचालीत सारे दुखणे उभे राहते.

आणि जे ग्रंथांनी अर्धवट सोडले ते लोकांनी पुरे केले. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर ऐन दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, आदिवासी बांधवांची यात्रा भरते ती अश्वत्थाम्याची. जखमेसाठी तेल मागत तो हिंडतो, ही कथा तर महाराष्ट्रभर आजीच्या तोंडी आहे. कित्येक घरांत अभ्यंगापूर्वी चिरंजीवांच्या नावाने तेलाची बोटे जमिनीला लावतात. त्यांत एक बोट त्याचे. पंडितांनी त्याला शाप दिला, आजीने त्याला तेल दिले. टीकाकाराने ह्या दोहोंपैकी कोणाचे वाचन श्रेष्ठ म्हणावे? मी आजीच्या बाजूचा आहे. तिने अश्वत्थाम्याला निर्दोष ठरवले नाही. त्याची जखम अजून वाहते, एवढे मान्य केले.

आमच्या गावच्या आईनेही हेच शिकवले आहे. तुळजाभवानी महिषासुराशी लढते. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की ती नगरकडून आलेल्या पलंगावर निजते ती थेट पौर्णिमेपर्यंत. ह्या निद्रेचे नाव श्रमनिद्रा. जगदंबेलाही युद्धानंतर श्रम होतात, तिलाही निजू द्यावे लागते, हे ज्या परंपरेला कळले, तिने हवालदाराला विजयाच्या दुसऱ्या दिवशीच ‘आता काय झाले आहे तुला?’ असे विचारावे, ह्याला काय म्हणावे?

ह्यापुढे मुका मार खोटा म्हणण्याची सोयही उरलेली नाही. स्फोटात सापडलेल्या सैनिकांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट व्रण दिसतात, हे २०१६ साली डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. २०२० च्या जानेवारीत इराकमधील एका अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा प्रथम कोणीच जखमी नाही असे जाहीर झाले. पुढे शंभरावर सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचे निघाले. डॉक्टरांनी व्रण पाहिला. आता तो आतून कसा ऐकू येतो ते सांगण्याची पाळी लेखकांची आहे. त्यासाठी रणभूमीवर जाण्याची गरज नाही. रेमार्कला ट्राम पुरली, वुल्फबाईंना मोटार पुरली. मराठी लेखकाला कुकरची शिटी, एस.टी.चा हॉर्न, लग्नातला बँड, गोंधळातला संबळ पुरे आहे. फक्त तो आवाज आपल्या कानांनी न ऐकता त्याच्या कानांनी ऐकावा लागेल.

आणि दिवाळी? फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबेलपर्यंतची मुभा नियमात दिली गेली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वर्ज्य ठरवले. कायद्याचे बोलणे हे ह्या लेखाचे काम नव्हे. एवढेच सांगतो की, दचक्याचे मूळ आवाजाच्या मोठेपणात असते तितकेच त्याच्या अकस्मातपणात असते. शेजारच्या घरी असा कोणी असेल तर मुलाने दारात जाऊन, ‘काका, आम्ही आता फटाके लावतो आहोत हं,’ एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होते. काकांना तयारीला चार क्षण मिळतात. महादजींना स्वप्नात जे मिळत नव्हते ते हेच.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेलाची वाटी पुढे येईल, अश्वत्थाम्याचे बोट जमिनीला लागेल, आणि मग पोरे अंगणात धावतील. त्यांना एवढे सांगावे की, ज्याला आत्ता तेल दिले त्याचा कान अजून दुखतो आहे.